नोस्फेराटूचा जीर्णोद्धार

१९२५ सालच्या जुलै महिन्यांत बर्लिन येथील न्यायासनानें एका चित्रपटास देहान्त शिक्षा फर्माविली. चित्रपटाचें नांव ‘नोस्फेराटू’. त्याच्या जितक्या म्हणून प्रती हातीं लागतील तितक्या नष्ट करून टाकाव्या, असा तो हुकूम होता. ग्रंथांची होळी झाल्याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु चित्रपटाची कला त्या वेळीं अवघी तीस वर्षांची होती, आणि इतक्या कोवळ्या वयांत तिच्या एका उत्कृष्ट कृतीवर हा प्रसंग ओढवला होता. त्यानंतर ८८ वर्षांनीं, २०१३ सालीं, हाच चित्रपट ब्लू-रे तबकडीवर, पूर्वीं कधीं न दिसलेल्या स्पष्टतेनें, इंग्लंड-अमेरिकेंतील घरोघरीं जाऊन पोहोंचला. ज्याचा नाश व्हावा असा निकाल झाला तो जिवंत कसा राहिला, आणि परत आला तो कोणत्या रूपानें, ही हकीकत जितकी विलक्षण आहे तितकीच विचार करावयास लावणारी आहे.

‘नोस्फेराटू’ निर्माण करणाऱ्या जर्मन कंपनीचें नांव ‘प्राना फिल्म’ असें होतें. हा आपला ‘प्राण’ शब्दच होय. कंपनीचा एक संस्थापक आल्बिन ग्राउ हा चित्रकार असून त्याला गूढविद्येचा मोठा नाद होता. पौर्वात्य तत्त्वज्ञानाच्या ओढीनें हें नांव त्या कंपनीच्या पाटीवर चढलें. दिग्दर्शन फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाउ याचें, कथालेखन हेन्रिक गालेन याचें, छायालेखन फ्रिट्झ आर्नो वाग्नर याचें. त्या काळचे अनेक जर्मन भयपट स्टुडिओच्या चार भिंतींत, रंगविलेल्या देखाव्यांपुढें तयार होत. मुर्नाउनें मात्र १९२१ सालीं कॅमेरा उचलून विस्मार व ल्यूबेक या जुन्या बंदरांच्या गल्ल्यांत आणि आजच्या स्लोव्हाकियांतील ओरावाच्या किल्ल्यावर नेला. ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांतील संगमरवरी सभागृहांत, वाद्यवृंदाच्या साथीनें, त्याचा पहिला खेळ झाला.

कथा थोडक्यांत अशी. विस्बोर्ग नगरांतील हुटर नांवाचा तरुण, घराचा सौदा करण्यासाठीं कार्पेथियन पर्वतांतील काउंट ऑरलॉकच्या किल्ल्यावर जातो. हा काउंट म्हणजे माणसांच्या रक्तावर जगणारें एक पिशाच्च असतें. मातीनें भरलेल्या शवपेट्या आणि उंदीर घेऊन तें जहाजानें विस्बोर्गला येतें आणि त्याच्यामागोमाग नगरांत प्लेग शिरतो. शेवटीं हुटरची पत्नी एलेन स्वतःचा बळी देऊन त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशीं गुंतवून ठेवते, आणि उगवत्या सूर्याच्या किरणानें तें पिशाच्च धुराप्रमाणें विरून जातें. माक्स श्रेक या नटानें साकारलेला तो ताठ, टक्कल पडलेला, लांब नखांचा काउंट ज्यानें एकदां पाहिला त्याला तो सहसा विसरतां येत नाहीं.

ही कथा मुळांत आयरिश कादंबरीकार ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून घेतली होती. प्राना कंपनीनें पात्रांचीं नांवें बदललीं, लंडनच्या जागीं जर्मन नगर आणलें. परंतु कादंबरीचे हक्क मात्र विकत घेतले नाहींत. आश्चर्य असें, कीं चित्रपटाच्या आरंभींच्या पाट्यांत ‘ड्रॅक्युला’चा नामनिर्देश उघडपणें केलेला होता! स्टोकर १९१२ सालीं निवर्तला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर हिला त्या पुस्तकाचाच काय तो आधार उरलेला. तिनें लंडनच्या लेखकसंघाच्या मदतीनें कंपनीवर दावा लावला. पण १९२२ सालींच कंपनीचें दिवाळें वाजलें होतें. जिच्या नांवांत प्राण होता त्या कंपनीच्या हातून दुसरा चित्रपट निघाला नाहीं. दिवाळखोराकडून भरपाई काय मिळणार? तेव्हां पैसा मिळत नाहीं तर निदान ही चोरी जगांतून नाहींशी व्हावी, असा आग्रह त्या बाईनें धरला आणि न्यायासनानें तो मान्य केला.

या प्रकरणांत फ्लॉरेन्सबाईंना खलनायिका ठरविण्याची पुढें प्रथाच पडली. तें न्याय्य नव्हे. लेखकाच्या श्रमावर त्याच्या कुटुंबाचा हक्क असतो आणि तो हक्क न विचारतां लुबाडला गेला होता. दोष दाव्याचा नव्हता, उपायाचा होता. चोरीचा माल जप्त करतां येतो, विकतां येतो, मालकाला परत देतां येतो. तो जाळून टाकल्यानें मालकाच्या हातीं कांहीं पडत नाहीं आणि जगाची मात्र कायमची हानि होते.

परंतु चित्रपटाची गोष्ट चित्राहून निराळी आहे. चित्र एक असतें. चित्रपटाच्या प्रती अनेक निघतात आणि देशोदेशीं जातात. बर्लिनचा हुकूम सुटण्यापूर्वींच ‘नोस्फेराटू’च्या प्रती सीमेपार गेल्या होत्या. फ्रान्समध्यें त्याला फार चाहते लाभले. लंडनच्या फिल्म सोसायटीनें फ्लॉरेन्सबाईंचा विरोध असतांनाहि १९२८ सालीं तो आपल्या सभासदांना दाखविला. पुढच्या वर्षीं तो न्यूयॉर्कच्या पडद्यावर आला. १९३० सालीं तर जर्मनींतच कोणी त्याची मोडतोड करून, त्यांत मुर्नाउनें न घेतलेलीं दृश्यें घालून, पात्रांचीं नांवें पुन्हां एकदां बदलून, ‘बारावा तास’ या अर्थाच्या नांवानें ध्वनीसह बाजारांत आणला.

मूळ निगेटिव्ह मात्र गेलें तें गेलेंच. उरल्या त्या परदेशांतील प्रती. आणि त्याहि जशाच्या तशा नव्हेत. प्रत्येक देशानें आपल्या भाषेंत पाट्या घातल्या, कोणी नांवें बदललीं, कोणी लांब वाटलीं तीं दृश्यें कापलीं. इंग्रजी प्रतींत ऑरलॉकचा पुन्हां ‘ड्रॅक्युला’ झाला! एखाद्या पडक्या देवळाचे खांब एका गांवीं, कळस दुसऱ्या गांवीं आणि शिलालेख तिसऱ्याच्या ओसरीवर सांपडावा, तशी या चित्रपटाची अवस्था झाली. विखुरल्यामुळें तो वांचला. पण विखुरल्यामुळेंच तो कोठेंहि पूर्ण राहिला नाहीं.

या मोडतोडीहून मोठी हानि आणखी एका गोष्टीनें झाली होती. त्या काळची फिल्म प्रकाशाला फार मंद असे. रात्रीच्या अंधारांत बाहेर चित्रण करणें जवळजवळ अशक्यच होतें. म्हणून रात्रीचीं दृश्येंहि भर उन्हांत घेत, आणि मग प्रत तयार करतांना फितीचा तेवढा तुकडा रंगाच्या पाण्यांत बुडवीत. निळा अथवा निळसर हिरवा रंग म्हणजे रात्र. पिवळा म्हणजे दिव्याचा उजेड. गुलाबी म्हणजे पहांट. प्रेक्षकांना ही भाषा पाठ झालेली होती. पडदा निळा झाला कीं रात्र पडली, हें कोणाला सांगावें लागत नसे. परंतु पुढें जेव्हां या जुन्या प्रतींवरून स्वस्त काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नकला उतरविण्यांत आल्या, तेव्हां चित्र उतरलें आणि रंग राहून गेला.

इतर एखाद्या चित्रपटांत यानें फार बिघडलें नसतें. येथें मात्र कथेचा कणाच मोडला. स्टोकरच्या कादंबरींतील ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यांवर दिवसाढवळ्या फिरतो. उन्हांत त्याची शक्ति कमी होते इतकेंच, आणि त्याचा अंत होतो तो कुकरीच्या व सुऱ्याच्या घावानें. सूर्याच्या किरणानें रक्तपिशाच्च नष्ट होतें ही कल्पना ‘नोस्फेराटू’नें पडद्यावर प्रथम आणली, आणि नंतरच्या शेंकडों भयपटांनीं ती इतकी उचलली कीं आज ती पुरातन लोकसमजूत वाटते. आतां रंग गेलेल्या प्रतींत काय दिसे? जें पिशाच्च सूर्यकिरणानें मरावयाचें तेंच आपली शवपेटी काखोटीस मारून लख्ख उन्हांत विस्बोर्गच्या गल्ल्यांतून चाललेलें! वास्तविक तो मध्यरात्रीचा प्रसंग. तीन पिढ्यांच्या प्रेक्षकांनीं तें पाहिलें, आणि जुन्या काळचा भाबडेपणा म्हणून हंसून सोडून दिलें. ज्यानें रात्र रंगविली होती त्याच्यावर रात्र विसरल्याचा आळ आला.

हा आळ दूर करण्याचें काम १९८० नंतरच्या दशकांत जर्मनींत नेटानें सुरू झालें. म्यूनिकच्या चित्रपट-संग्रहालयाचे प्रमुख एन्नो पाटालास यांनीं निरनिराळ्या देशांतील प्रती एकमेकींशीं ताडून पाहिल्या. त्यांना एका कागदाचा मोठा उपयोग झाला. मुर्नाउ १९३१ सालीं कॅलिफोर्नियांत मोटार-अपघातांत वारला; पण त्यानें स्वतःच्या हातानें टिपणें केलेली ‘नोस्फेराटू’ची संहिता त्याच्या कुटुंबानें जपून ठेविली होती. लॉटे आइस्नर या विदुषीनें मुर्नाउवरील आपल्या ग्रंथांत ती प्रसिद्ध केली होती. दृश्यांचा क्रम कोणता, कोठें काय तुटलें आहे, हें तिच्यावरून पडताळतां आलें. पोथीचा संशोधक अनेक हस्तलिखितांवरून शुद्ध पाठ ठरवितो, तोच हा मार्ग. फरक इतकाच, कीं येथें ओव्यांच्या जागीं चौकटी होत्या.

त्यानंतर २००५-०६ सालीं, वीसबाडेन येथील मुर्नाउ प्रतिष्ठानासाठीं, लुसियानो बेरियातुआ या स्पॅनिश संशोधकानें आज प्रमाण मानलें जाणारें संस्करण सिद्ध केलें. त्याचा पाया म्हणून पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेझमधील १९२२ सालची, फ्रेंच पाट्यांची, रंगीत नायट्रेट प्रत घेण्यांत आली. चित्रपटाच्या जन्मवर्षांतील ही प्रत असल्यानें चित्राची स्पष्टता तींत होतीच. शिवाय कोणतें दृश्य कोणत्या रंगाचें, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. तींत जीं दृश्यें नव्हतीं तीं बर्लिनच्या सरकारी संग्रहांतील १९३९ सालच्या एका नकलेंतून घेतलीं; ती नक्कल १९२० नंतरच्या दशकांत चेकोस्लोव्हाकियास गेलेल्या एका प्रतीवरून उतरविलेली होती. आणखी कांहीं चौकटी मिळाल्या त्या ‘बारावा तास’मधून. ज्या उपटसुंभ आवृत्तीनें मूळ कृतीची विटंबना केली तिच्याच पोटांत त्या कृतीचे हरवलेले तुकडे सुरक्षित राहिले होते! जर्मन पाट्या आणि पत्रें १९६२ सालच्या एका नकलेंतून आलीं. प्रत्यक्ष काम इटलींतील बोलोन्या येथील ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेंत झालें. या नांवाचा अर्थच ‘पुनः सांपडलेली प्रतिमा’ असा आहे.

अशा प्रती हाताळणें हें जोखमीचें काम असतें. नायट्रेटची फिल्म कालान्तरानें आंखडते, चिकटते आणि शेवटीं तिची पूड होते. शिवाय ती भयंकर ज्वालाग्राही. तिच्या ज्वलनाला लागणारा प्राणवायु तिच्याच अंगांत असल्यानें ती पाण्यांतहि जळत राहते. महाराष्ट्राला हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं. २००३ सालीं पुण्यांत अशाच फिल्मच्या कोठारास आग लागून आपल्याकडील जुन्या चित्रपटांचीं कितीतरी रिळें भस्मसात झालीं. न्यायासनाच्या हुकुमानें जें साधलें नाहीं तें रसायन निमूटपणें साधीत असतें.

चित्र जमा झालें, क्रम लागला, म्हणजे खरा कस लागतो तो साफसफाईंत. चित्रपट सुमारें ९४ मिनिटांचा; सेकंदास १८ चौकटी धरल्या तर एक लाखाहून अधिक चौकटी होतात. प्रत्येकीवर ओरखडे, धूळ, डाग. संगणक शेजारच्या चौकटी ताडून पाहतो, आणि मधल्या एकाच चौकटींत जो ठिपका दिसतो तो धूळ समजून पुसून टाकतो. पण यंत्राला धूळ आणि पावसाचा थेंब यांतला भेद कळत नाहीं. लाटेचा उडालेला तुषार, वेगानें पळालेला उंदीर, हेहि त्याच्या लेखीं कचराच! म्हणून यंत्रामागें जाणता डोळा लागतो. याच चित्रपटांत काउंटची गाडी ज्या अरण्यांतून धांवते त्याचें चित्र मुर्नाउनें मुद्दाम उलट्या छायेंत दाखविलें आहे: आकाश काळें आणि झाडें पांढरींफटक. हें परलोकाचें अरण्य आहे. एखाद्या अजाण कारागिरानें तें ‘सुधारून’ सरळ केलें असतें, तर मुर्नाउच्या प्रतिभेचा एक उन्मेष चूक म्हणून दुरुस्त झाला असता.

उच्च सुस्पष्टतेच्या तबकडीमुळें ही जबाबदारी अधिकच वाढते. जुन्या डी.व्ही.डी.वरील चित्रांत सुमारें चार लाख बिंदु असत. ब्लू-रेच्या चित्रांत ते वीस लाखांवर जातात. भिंतीचा पोपडा, कोटाची वीण, काउंटच्या नखाची वळणदार कड, सारें स्पष्ट दिसतें. तसाच फिल्मचा दाणाहि दिसतो. हा दाणा म्हणजे मळ नव्हे. चित्र ज्या रुपेरी कणांनीं बनलें ते हे कण. ते पुसून पडदा गुळगुळीत केला तर मुद्रा मेणाच्या बाहुलीसारख्या दिसूं लागतात. देवळाच्या जीर्णोद्धारांत हौसेनें काळ्या पाषाणाला तैलरंग फासावा, त्यांतलाच हा प्रकार. मूर्तीवर चढलेलीं शेंदराचीं पुटें अलगद काढणें निराळें, आणि मूर्तीचें नाकच घासून नवें करणें निराळें.

वेगाची गोष्टहि अशीच. बोलपटाचा वेग सेकंदास २४ चौकटींचा ठरला, आणि मूकपट त्याच यंत्रावर चढले. १८ चौकटींच्या हिशेबाचा हा ९४ मिनिटांचा चित्रपट त्या वेगानें ७१ मिनिटांच्या आंत आटोपतो, आणि भयाकुल माणसें विदूषकासारखीं तुरुतुरु पळूं लागतात. तबकडीवर दर तिसरी चौकट दोनदां दाखवून हा हिशेब जुळवितां येतो. तसें केलें म्हणजे ऑरलॉक पुन्हां आपल्या संथ, अटळ चालीनें चालूं लागतो. त्याचें भय त्या संथपणांतच आहे.

या सर्व कामांत एक लहानशी गोष्ट विशेष मनांत भरते. ज्या जर्मन पाट्या कोठेंच सांपडल्या नाहींत त्या जुन्या अक्षरवळणाबरहुकूम नव्यानें लिहाव्या लागल्या. त्या बेमालूम झाल्या असत्या तर कोणाला कळलेंहि नसतें. परंतु अशा प्रत्येक पाटीच्या कोंपऱ्यांत प्रतिष्ठानाचीं आद्याक्षरें घातलेलीं आहेत. मूळचें किती आणि आमचें किती, हें पाहणाराला कळलें पाहिजे, असा त्याचा अर्थ. जो चित्रपट दुसऱ्याची कृति न विचारतां घेतल्यामुळें संकटांत सांपडला, त्याच्या दुरुस्तींत परक्या हाताची नोंद इतक्या काटेकोरपणें व्हावी, हें समर्पकच म्हटलें पाहिजे.

संगीताच्या बाबतींत नशीब इतकें अनुकूल नव्हतें. हान्स एर्डमान यानें पहिल्या खेळासाठीं रचलेलें संगीत पूर्णपणें उरलें नाहीं. त्यांतील जो भाग त्यानें पुढें स्वतंत्र वाद्यरचना म्हणून प्रसिद्ध केला होता त्याच्या आधारें बेर्न्ट हेलर यांनीं संपूर्ण चित्रपटाची साथ पुनः जुळविली, आणि जारब्रूकेनच्या नभोवाणी-वाद्यवृंदानें ती वाजविली. तबकडीवर ऐकूं येतें तें हें संगीत. त्यांत अनुमानाचा अंश आहे. परंतु ज्या स्वरांत त्या संगमरवरी सभागृहांतील श्रोते बुडून गेले होते त्यांच्या जवळपास तरी तें आपणांस नेऊन पोहोंचवितें.

घरीं बसून तबकडीवर चित्रपट पाहणें म्हणजे सभागृहांतील खेळ नव्हे, हें खरेंच. शेंकडों माणसांचा एकदम रोधलेला श्वास दिवाणखान्यांत मिळत नाहीं. परंतु घरच्या प्रेक्षकाला दुसरा एक लाभ होतो. त्याला थांबतां येतें, मागें जातां येतें, एकेक चौकट न्याहाळतां येते. आणि ज्या चित्रपटाच्या प्रती न्यायासनाच्या दूतांनीं वेंचून नष्ट करावयाच्या होत्या, त्याची प्रत हजारों घरांतील फडताळांत असावी, याहून अधिक भक्कम संरक्षण तें कोणतें? एकेकाळीं अपघातानें झालेलें विखुरणें त्याला तारून गेलें. आतांचें विखुरणें हेतुपूर्वक आहे.

या नव्या संस्करणांत ओरखडे मुळींच नाहींत असें नाहीं. कांहीं दृश्यें इतरांहून धूसर आहेत, कारण तीं नकलेच्या नकलेवरून आलीं आहेत. तीं तशींच ठेविलीं आहेत. त्यांत कमीपणा नाहीं. जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला नवें करणें नव्हे. जुन्याचा अर्थ त्याला परत देणें होय. या चित्रपटाला स्पष्टता मिळाली, वेग मिळाला, संगीत मिळालें. पण त्याला मिळालेलें सर्वांत मोठें देणें म्हणजे त्याची हरवलेली रात्र. आतां ऑरलॉक शवपेटी घेऊन चालतो तो निळ्या काळोखांतून, आणि शेवटीं खिडकींतून गुलाबी पहांट आंत येते तेव्हां तिच्या स्पर्शानें तो कां विरून जातो, हें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं.